बाळ्याला खोकला ओळखता येतो

हवा मोजणाऱ्या माणसाकडे सांगण्यासारखं काय असणार, असं लोकांना वाटतं. नोकरीला लागलो तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. खांबाला शिडी लावायची, वर चढायचं, डबा बसवायचा, सिम घालायचं, खाली उतरायचं आणि चहा प्यायचा. यात किस्सा कुठून येणार?

पण आमच्या ऑफिसात रोज संध्याकाळी कुणी ना कुणी बाहेरून येतो, हेल्मेट टेबलावर आपटतो आणि म्हणतो, "आज काय झालं माहितेय?" संपलं! त्या दिवसाचं काम तिथंच थांबतं. आता तर हे किस्से इतके साचलेत की एक सांगायला घेतला की मागचा त्याला ढकलून पुढे येतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हे सगळं आम्ही हसत हसत सांगतो, पण हसणाऱ्यांपैकी न घाबरलेला एकही नाही. मी तर मुळातच भित्रा माणूस. त्यात ही नोकरी लागल्यापासून मला हवा दिसायला लागली आहे. चांगलं ऊन पडलेलं असतं, बायको म्हणते, "किती छान वाटतंय बघा!" आणि मी मोबाईल काढून आकडा बघतो. मग दिवसभर मला छान वाटत नाही. आणि हे कमी पडलं म्हणून की काय, आमच्या कंपनीचा एक डबा माझ्या सख्ख्या बहिणीच्या गळ्यात होता. तिच्याकडे येतोच. आधी आमची ओळख करून देतो.

बेळगावात कॅम्पमध्ये एका जुन्या बंगल्याच्या मागे दोन खोल्या आहेत, तेच ऑफिस. फर्नांडिस सर मालक. बंगळूरची मोठी नोकरी सोडून आपल्या गावची हवा सुधारायला आले. सन्मती निपाणीचा, सगळे कॉम्प्युटर त्याच्या ताब्यात. मी भरमा, उचगावचा, शिडी आणि ड्रिल मशीन माझ्या ताब्यात. आणि चौथा बाळ्या.

बाळ्या म्हणजे आमचं एआय. खांबाखांबावरच्या डब्यांचे आकडे त्याच्याकडे जातात. कुठं काय जळतंय, धूळ कशाची आहे, उद्या हवा कशी असेल, हे तो सांगतो. सरांनी त्याला एक झोकदार इंग्रजी नाव दिलंय. ते सरांशिवाय कुणी घेत नाही. त्याला अजून सगळं शिकवावं लागतं म्हणून सन्मतीनं त्याचं बारसं केलं, बाळ्या!

*

निपाणीच्या पुढे, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून एक गाव आहे. तिथल्या देवळासमोरच्या खांबावर डबा लावायला मी चढलो होतो. वर ड्रिल चालू होतं, त्यामुळे खाली माणसं जमलेली मला कळलीच नाहीत. काम संपवून खाली बघतो तर निम्मा गाव! आणि शिडी दोघातिघांनी घट्ट धरलेली.

मला आधी बरं वाटलं. म्हटलं, माणसं चांगली आहेत, पडू नये म्हणून धरलंय.

तेवढ्यात एकानं मान वर केली. "डबा बेंगळूरचा का मुंबईचा?"

"आप्पा, डबा हवेचा हाय."

"ते कळलं. पर कुणाच्या हवेचा? आधी सांग, मग उतर!"

दुसरा कन्नडमध्ये काहीतरी बोलला, तिसऱ्यानं त्याला मराठीत उत्तर दिलं आणि खाली वाद पेटला. शिडी मात्र कुणी सोडेना. वाद वाढला तशी ती हलायला लागली. मी खांबाला मिठी मारली आणि उचगावच्या सगळ्या देवांना हाका मारून घेतल्या.

शेवटी एक म्हातारी गर्दीतून पुढे आली. "धूर काय नाक्यावर थांबून कागद दाखवतोय व्हय रं? उतरू द्या त्या पोराला!"

मी उतरलो. मघाशी वाद घालणाऱ्या आप्पांनी मला पाणी दिलं आणि हळूच विचारलं, "तेवढं काय दाखवतंय बघ की." मी मोबाईल पुढे केला. शेजारच्या उसाच्या फडात पाला पेटवलेला होता, त्यामुळे पडदा लालभडक. सगळी डोकी मोबाईलवर वाकली.

"मग कुठल्या बाजूला जायाचं म्हणायचं?" आप्पांनी विचारलं.

मी नकाशा मोठा करून दाखवला. हद्दीच्या अलीकडे लाल होतं, पलीकडेही लालच होतं. इतका वेळ भांडणारे दोघे एकमेकांकडे बघायला लागले. त्या गावात त्यानंतर डब्याला कुणी हात लावलेला नाही.

*

बेळगावजवळच्या मच्छे गावचा किस्सा सरांसमोर काढायचा नाही, असा आमच्यात नियम आहे.

तिथं कारखान्यांच्या रांगेत एक चहाची टपरी आहे. टपरीच्या पत्र्यावर आमचा डबा. ओतकामाचे कारखाने, दिवसभर ट्रक, समोर कच्चा रस्ता. त्या डब्याचा आकडा कायम वर असायचा. एके दिवशी तो खाली आला. दुसऱ्या दिवशी आणखी खाली. आठवडाभरात मच्छेची हवा आंबोलीच्या घाटाहून शुद्ध झाली!

सर हरखून गेले. कारखानदारांची एक बैठक होती, तिथं मोठ्या पडद्यावर त्यांनी तो आलेख लावला. "तुम्ही मनावर घेतलंत आणि बघा!" कारखानदारांनी काहीच मनावर घेतलेलं नव्हतं, पण टाळ्या मात्र वाजवल्या.

मला राहवेना. मी गाडी काढली आणि टपरीवर गेलो. बघतो तर डब्याला प्लास्टिकची पिशवी. नुसती घातलेली नाही, वरून सुतळीनं गच्च बांधलेली.

"हे काय केलंस रं?"

टपरीवाला खूश होता. "भरमाण्णा, लई धूळ बसाय लागलती बघा. म्हागाची वस्तू. खराब हुईल म्हणून झाकली!"

मी पिशवी सोडली. तिकडे बैठक अजून चालूच होती आणि सरांच्या मागच्या पडद्यावर आकडा वर चढायला लागला. सर पाठ करून बोलत होते. समोरचे सगळे पडद्याकडे बघत होते. शेवटी आलेख पडद्याच्या बाहेर गेला!

मी टपरीवाल्याला म्हटलं, "डब्याला झाकलंस, आणि तू स्वतः?"

"मला काय हुतंय? मला सवय हाय की," असं म्हणून तो खाकरला आणि चहा गाळायला लागला. त्याच्या गाळण्यावर, बरण्यांवर, पापण्यांवर काळी बारीक पूड होती. मी चहा घेतला खरा, पण दोन घोट घेऊन ठेवून दिला. त्याला वाईट वाटलं असणार.

*

बाळ्याला शिकवायचं म्हणजे काय, ते सांगतो. कुठंतरी अचानक धूर वाढला की बाळ्या विचारतो, हे काय होतं? मग मी तिथं जायचं, दारोदार फिरायचं, कारण शोधायचं आणि मोबाईलवर बटण दाबायचं. चूल, पाला, कचरा, धूप, इतर. असं शंभरदा सांगितलं की बाळ्या आपणहून ओळखायला लागतो.

पण अनोळखी माणूस सकाळी दारात येऊन विचारतो, "काल तुमच्यात काय जळालं हो?" तर लोक काय करतील? आधी घाबरतात. मग कबूल व्हायला लागतात. एका आज्जींनी मला ओसरीवर बसवलं आणि सुनेनं करपवलेल्या सगळ्या भाकऱ्या सांगितल्या, लग्न झाल्यापासूनच्या!

उचगावात मात्र एकदा वेगळंच झालं. एका घराच्या परड्यात पहाटे धूर झालेला. बाळ्याला तो ओळखता येईना. त्या घरचे आप्पा मला लहानपणापासून ओळखतात. मी सरळ विचारलं, "आप्पा, काय पेटवलंत?"

ते राख सारत राहिले. पुन्हा विचारलं.

"अंथरूण," ते म्हणाले. "आमच्या मंडळीचं. आता ठिऊन काय करायचं?"

काकी गेल्याचं मला माहीत होतं. त्यांच्या फुप्फुसाचं काहीतरी झालं होतं, एवढंच गावात बोललं जायचं. मी मोबाईल हातात धरून उभा राहिलो. चूल, पाला, कचरा, धूप, इतर. आप्पा म्हणाले, "दाब की काय दाबायचं ते. तुझं काम हाय."

मी काहीच दाबलं नाही. बाळ्या अजून त्या धुराबद्दल अधूनमधून विचारतो.

*

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा असते. ऑफिसात हत्यारं म्हणजे माझी शिडी, ड्रिल आणि सेन्सरचे डबे. सन्मतीनं सगळे डबे ओळीनं मांडले, झेंडूची फुलं वाहिली, आणि मी भक्तिभावानं धुपाटणं फिरवलं. प्रत्येक डब्यासमोर जरा जास्तच वेळ धरलं.

डबे चालू होते, हे दोघांच्याही लक्षात नव्हतं!

बाळ्यानं ताबडतोब सगळ्यांना मेसेज पाठवला. कॅम्प परिसरात हवा अत्यंत घातक, दारंखिडक्या बंद करा, बाहेर पडू नका. शेजारी एक रिटायर्ड सुभेदार राहतात. त्यांनी हातात काठी घेतली, तोंडाला ओला टॉवेल बांधला आणि गल्लीतली पोरं, म्हातारी माणसं, दोन कुत्री, सगळ्यांना घरात कोंडलं. मग आम्हाला वाचवायला दार ठोठावत आले. आत बघतात तर आम्ही आरती म्हणतोय.

त्यांनी आम्हाला जे सुनावलं ते इथं लिहीत नाही.

सरांनी सन्मतीला सांगितलं, "ही पूजा आहे, एवढं त्याला शिकव. अशी फजिती पुन्हा नको." सन्मतीनं शिकवलं. शंभर वेळा धूप दाखवला आणि शंभर वेळा बटण दाबलं.

महिन्याभरानं बंगल्यामागे कुणीतरी प्लास्टिक आणि जुनी टायरं पेटवली. दुपारी आमचे डोळे चुरचुरायला लागले, घसा धरला, सर तर बाहेर जाऊन ओकले. आम्ही बाळ्याकडे बघतो तर हिरवा! खाली लिहिलेलं, पूजा.

"अय्यो!" सन्मती हसून म्हणाला. "बाळ्या आस्तिक झाला की!"

सर हसले नाहीत. मीही नाही. तोवर मी बाळ्या काय सांगतो याला घाबरायचो. त्या दिवसापासून तो काय सांगत नाही, याची भीती बसली.

*

आता आक्का.

आक्का माझी थोरली बहीण, निपाणीत दिलेली. दाजी लवकर गेले. तेव्हापासून ती तंबाखूच्या वखारीत चाळणीवर बसते. बायका रांगेनं बसतात, तंबाखू चाळतात, आणि तंबाखूच्या पुडीचा खकाणा असा उडतो की नवीन माणूस दारातच ठसका लागून परत फिरतो. वखार सन्मतीच्या काकांची. माणूस वाईट नाही. त्यांचा स्वतःचाही घसा कायम बसलेला असतो.

आक्काला एकच मुलगी, शुभा. बी.कॉम.ला आहे, आवाज हुबेहूब आईचा. आक्काचं आयुष्यातलं मागणं एवढंच, "माझी पोर त्या वखारीच्या दारात पाऊल टाकणार न्हाय." आणि माझं मागणं, आक्कानं तिथून उठावं. कारण आक्काला खोकला होता. साधा नाही. आधी दोन कोरडे ठसके, मग एक लांबलचक ओढ, आणि शेवटी श्वास घेताना छातीतून शिट्टीसारखा आवाज. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, "औषध देतो, पण धूळ सोडा."

त्याच सुमारास सरांनी गळ्यात घालायचे छोटे डबे आणले. धूळही मोजणार आणि खोकलाही मोजणार! आत एक माइक. खोकला कुणाचा हे बाळ्यानं आवाजावरून ओळखायचं. शिकवायला म्हणून आधी आम्ही तिघं ऑफिसात दिवसभर खोकलो. सरांचा खोकला अगदी सभ्य, तोंडावर रुमाल धरून. सन्मतीचा नाटकातल्या म्हाताऱ्यासारखा. माझा खोकला बाळ्यानं दोनदा 'कुत्रा' म्हणून नोंदवला!

काकांनी परवानगी दिली. "लावा. पर आकडा गावभर हिंडाय नको," एवढंच म्हणाले. बायकांना आधी गंमत वाटली. "मालकानं दागिना घातला गं!" म्हणून त्या एकमेकींना दाखवत होत्या. मग सन्मतीनं एकेकीला खोकायला सांगितलं आणि बाळ्यानं न बघता एकेकीचं नाव सांगितलं. हसणं थांबलं.

"ह्येला नाव कसं कळालं?" एक बाई म्हणाली. तिनं डबा छातीपासून लांब धरला.

दुसऱ्या दिवशी बाळ्याचा रिपोर्ट आला. धूळ नेहमीसारखी, खोकला शून्य. सन्मतीला वाटलं माइक बिघडले. मी निपाणीला गेलो आणि दारातून आत बघितलं. चाळण्या चालू होत्या, आणि प्रत्येक बाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. डोळ्यांतून पाणी, मानेच्या शिरा फुगलेल्या, पण आवाज म्हणून नाही!

जिचा खोकला दिसेल तिला मालक घरी बसवणार, असं त्यांच्यात पसरलं होतं.

सुट्टी झाली. आक्का फाटकाबाहेर आली, डबा गळ्यातून काढून पिशवीत टाकला, रस्त्याच्या कडेला उकिडवी बसली आणि खोकायला लागली. दिवसभराचं साठलेलं. मी पाठ चोळत होतो.

*

यानंतर बायकांनी त्याहून सोपी युक्ती काढली.

ऑफिसात सन्मती ओरडला, "भरमा, बघ रे हे!" पडद्यावर वखारीतल्या सगळ्या बायका एकाच ठिकाणी, जागच्या न हलता, आणि हवा एकदम उत्तम. बाळ्यानं खाली लिहिलं होतं, विश्रांती.

"ध्यानाला बसल्यात काय?" सन्मती म्हणाला.

मी जाऊन बघितलं. वखारीच्या आवारात लिंबाचं झाड आहे. सगळे डबे त्याच्या फांदीवर लटकत होते, वाऱ्यावर हलत. बायका आत. झाड मजेत श्वास घेत होतं आणि त्याचे आकडे बायकांच्या नावावर चढत होते. ही अक्कल कुणाची, हे मला विचारावं लागलं नाही. लहानपणी आमच्या घरातल्या सगळ्या युक्त्या आक्काच्याच असायच्या.

मी चिडलो. "आक्का, हे तुझ्यासाठीच लावलंय गं!"

"व्हय रं. पर ह्यो डबा खरं बोलला तर मला घरी बसवत्यात. खोटं बोलला तर काम चालतंय. तूच सांग, कसा बोलू द्यू?"

मी फांदीवरचे डबे सोडवायला लागलो. उत्तर काकांनी दिलं. त्यांनी नियम काढला, डबा गळ्यात असेल तरच फाटकाच्या आत.

मग बायका हळूहळू खोकायला लागल्या. किती दिवस दाबणार? आणि बाळ्या एकेकीचा खोकला मोजायला लागला. एके दिवशी सन्मतीनं मला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि स्वतः उभा राहिला. एरवी तो खुर्ची सोडत नाही. पडद्यावर आक्काची रेघ होती. चढणीला लागलेली. बाळ्यानं त्याखाली कोरडेपणानं लिहिलं होतं की ही व्यक्ती याच जागी काम करत राहिली तर श्वास आणखी कमी होईल.

"चुकत असेल बाळ्या," सन्मती म्हणाला. "टायरला पूजा म्हणतो तो."

पण त्याचा आवाजच सांगत होता की त्याला तसं वाटत नाही. मी तिथून उठलो आणि सरळ निपाणी गाठली.

*

आक्का ऐकेना. तिची अडचण वेगळीच होती. वखारीत चाळणीवरची जागा ठरलेली असते. बाई आजारी पडली की घरातलं कुणीतरी तिच्या जागी बसतं, नाहीतर ती जागा दुसरीला जाते आणि परत मिळत नाही. आक्काची जागा खिडकीजवळची होती, वर्षानुवर्षं सांभाळलेली.

"खिडकीची जागा हाय माझी, भरमा. सुखासुखी सोडू व्हय?"

"आक्का, तू उरलीस तर जागा! मला भ्या वाटतंय गं."

मी असं कधी बोललो नव्हतो. शुभा आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसली होती, ती बाहेर आली आणि आईकडे बघत राहिली. आक्कानं तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि शुभाच्या डोक्यावर हात ठेवला. "हिची शपथ. उद्यापास्नं न्हाय जात."

सरांना डबा परत द्यायचा होता, पण मी म्हटलं राहू दे. आक्का घरात असली तरी आकडा दिसेल. ती फळीवर ठेवते म्हणाली.

पुढचे काही दिवस फार छान गेले. सकाळी ऑफिसात आलो की मी आधी आक्काचा डबा बघायचो. चुलीचा थोडा धूर, बाकी स्वच्छ. खोकलाही कमी होत चाललेला. सन्मती चिडवायचा, "भरमाण्णा, आज डोळे मिटून श्वास घेतलास की!" खरं होतं. त्या दिवसांत मी बाहेरची हवाही बघितली नाही. बायकोबरोबर एकदा गच्चीत बसलो आणि मोबाईल खालीच राहिला.

*

आणि मग हा शेवटचा.

सकाळी सन्मतीनं हाक मारली. मी हातातला चहा तसाच ठेवून उठलो. पडद्यावर आक्काचा डबा वखारीत होता. खिडकीजवळ. धूळ भरपूर, आणि ती तंबाखूची, बाळ्याला त्यात शंका नव्हती. खोकलाही होता. त्याच्यापुढे बाळ्यानं नाव लिहिलं होतं, आक्का.

"आणि हे आजचंच नाही," सन्मती म्हणाला. "मागच्या आठवड्यापासून आहे. मी दौऱ्यावर होतो, तू बघितलं नाहीस?"

पहिले काही दिवस रोज बघून, मागच्या आठवड्यात मी बघायचंच सोडलं होतं. निर्धास्त झालो होतो ना!

आक्काला फोन लावला. "कुठं हाईस?"

"घरात हाय की. भाकरी थापाय लागल्ये."

"खोटं बोलू नको!"

"आरं खोटं कशाला बोलू? शप्पत घेतली न्हवं मी?"

"डबा कुठं हाय?"

"असंल की फळीवर. का रं, काय झालं?"

मी फोन कापला. माझ्या बहिणीनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवून खोटी शपथ घ्यावी, याचा मला इतका संताप आला की भीती बाजूला राहिली. हायवेनं मी गाडी कशी चालवली ते आठवत नाही. काय बोलायचं ते मात्र सगळं ठरवलं. लिंबाच्या झाडावर डबे लटकवणारी बाई, तिच्या शपथेवर मी विश्वास ठेवलाच कसा?

वखारीच्या फाटकावर पोहोचलो तेव्हा दुपारची जेवणाची सुट्टी होत होती. बायका बाहेर येत होत्या. सगळ्यांच्या अंगात साडीवर जुने शर्ट, डोक्यातोंडाला फडकी गुंडाळलेली, नुसते डोळे उघडे. अंगाखांद्यावर, भुवयांवर तपकिरी पूड. कोण कुठली कळायला मार्ग नव्हता. एकमेकींना धरून त्या नळाकडे चालल्या होत्या.

आणि त्या घोळक्यातून खोकला आला. दोन कोरडे ठसके, एक लांबलचक ओढ, आणि शेवटी ती शिट्टी.

या वेळी मला बाळ्याची गरज पडली नाही. तो खोकला मी जगात कुठंही ओळखेन. आवाजाच्या दिशेनं बघितलं तर आक्काची हिरवी साडी, वर दाजींचा चौकटीचा शर्ट, आणि गळ्यात आमचा डबा. पाठ माझ्याकडे होती.

"आक्का!" मी ओरडलो. सगळ्या बायका थांबल्या.

ती वळली. मग तिनं तोंडावरचं फडकं खाली ओढलं आणि म्हणाली, "मामा, आईला सांगू नको हं."